दिवसभर वावरात राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी भावांचा आहे. वय 47, सहा एकर वावर, कापूस-तूर आणि थोडा हरभरा. ते विचारतात: "मी सकाळपासून वावरात असतो. तरी दुपारनंतर आंग गळून जाते, दोन मजले चढलो की दम लागते. शिबिरात शुगर काठावर निघाली, तीन महिन्यांची सरासरी 6.1. डॉक्टर म्हणते रोज व्यायाम करा. दिवसभर राबणाऱ्या माणसानं आणखी काऊन व्यायाम करावा? बायकोची कंबर कापूस वेचून वेचून गेली, तिनंही करावा का? अन् आई 72 ची आहे, सारा दिवस खाटेवरच असते. तिचं काय?"

भाऊ, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि आयुष्यातला बराच काळ आपल्याच भागातल्या कंबरा, गुडघे आणि खांदे बघण्यात गेला आहे. हा प्रश्न मला गावोगावी विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा राग असतो. राग रास्त आहे. "रोज अर्धा तास चाला" हा सल्ला एसीत बसणाऱ्या माणसाला द्यायचा आणि तोच कागद वेचणीवरून आलेल्या बाईच्या हातात ठेवायचा, हे मलाही पटत नाही.

पण आधी एक हिशेब करू. तुमचे वडील ज्या वावरात राबले त्याच वावरात तुम्ही राबता, तरी काम तेच राहिलेलं नाही. वखरणी-पेरणी ट्रॅक्टरनं होते. तणनाशक आल्यापासून डवऱ्याचे फेरे आणि निंदण कमी झालं. वावरात जायला मोटारसायकल आहे. धुऱ्यावर उभं राहून मजुरांकडून काम करून घेणं, कृषी केंद्रात ताटकळणं, बँकेच्या चकरा, हे सगळं आपण "वावरात होतो" याच खात्यात धरतो. जे कष्ट खरोखर उरलेत ते हंगामात एकदम अंगावर येतात: फवारणीचे दिवस, वेचणी, तुरीची सोंगणी, हरभऱ्याला रात्रीच्या लाइनवर ओलीत. हरभरा निघाला की पाऊस पडेपर्यंत शरीराला म्हणावं तसं काम नाही.

या खंडाची किंमत मोठी असते. 1966 साली अमेरिकेत डॅलस इथं विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवलं होतं. त्याच पाच जणांची तीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वाढत्या वयानं त्यांचा दमसास जेवढा घटला होता, त्याहून जास्त तो त्या तीन आठवड्यांत घटला होता. तुम्ही उन्हाळ्यात खाटेवर पडून नसता, हे मान्य. पण तीन-चार महिने सुस्तावलेलं शरीर घेऊन तुम्ही मृगात एकदम जुंपता आणि मग आंग गळतं.

आता उरलेल्या कष्टांबद्दल. डेन्मार्कच्या संशोधकांनी गेल्या काही वर्षांत एक विचित्र गोष्ट पुढे आणली. मोकळ्या वेळात केलेल्या हालचालीनं हृदयाचं भलं होतं. कामाच्या ठिकाणच्या जड कष्टांचा मात्र तसा फायदा दिसत नाही, काही अभ्यासांत उलट तोटाच दिसतो, विशेषतः पुरुषांमध्ये. यावर वाद आहे. कष्टकरी माणूस गरीब असतो, तंबाखू जास्त खातो, दवाखान्यात उशिरा जातो, त्याचाही वाटा त्यात आहेच. तरी कारणं मला रोजच्या पेशंटांत दिसतात. मजुरीचं काम लांब, संथ आणि वाकलेलं असतं. नाडी दिवसभर थोडी चढलेली राहते, पण हृदय कधी जोरात पळत नाही आणि त्याला पुरता विसावाही मिळत नाही. सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन तुम्ही चिखलातून चालता तेव्हा पाठ, मान आणि मूठ तासन् तास आवळलेली असते. आवळलेल्या स्नायूंनी रक्तदाब वाढतो. एकाच वावरात वर्षानुवर्षं कापसावर कापूस घेतला की काही अन्नद्रव्यं उपसून संपतात आणि काही तशीच पडून राहतात, तसं अंगाचं होतं. कंबर उपसली जाते. नितंब, पोट, छातीचे स्नायू आणि फुप्फुसं तशीच पडून.

म्हणून तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. तुम्हाला व्यायाम लागतो तो कष्ट वाढवायला नव्हे, कष्ट पेलायला.

आंग का गळतं ते सांगतो. दिवसभराचं काम माणसाच्या कमाल दमसासाच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत राहिलं तर तो ते आठ तास निभावू शकतो, असं श्रमविज्ञान मानतं. तुमचा दमसास घटला की तेच वावर, तोच पंप त्या कमाल दमसासाच्या निम्म्यावर जातो. काम वाढलेलं नसतं, त्याचा वाटा वाढलेला असतो. नियमित व्यायामानं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे जिथं अन्नापासून ऊर्जा तयार होते त्या जागा, संख्येनं आणि ताकदीनं वाढतात. मर्यादा वर गेली की तेच काम हलकं लागतं. मात्र पहिले दोन आठवडे थकवा वाढल्यासारखा वाटेल. बहुतेक लोक तिथंच सोडून देतात आणि "आपल्याले नाही सोसत बाप्पा" म्हणून मोकळे होतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून फरक कळायला लागतो. पहिल्यांदा झोपेत कळतो.

थकव्यामागे दुसरं कारण असेल तर व्यायाम उपयोगाचा नाही. म्हणून सुरू करण्याआधी रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. आणि रात्रभर ओलीत करून आलात त्या दिवशी व्यायाम नको, झोपा. फवारणीच्या दिवशीही नको. त्या दिवशी साबणानं आंघोळ, कपडे वेगळे धुणं आणि आराम, एवढंच.

शुगरचं सांगायचं तर 6.1 हा आकडा चांगल्या वेळी सापडला आहे. 5.7 ते 6.4 हा काठ, 6.5 पासून मधुमेह धरतात. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचं सर्वात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही साखर ओढून घेतो. आपल्याकडची शतपावली म्हणूनच मला फार आवडते. रात्रीच्या जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटं गावातल्या गावात फेरी, तीही पोट भारी असेल त्या दिवशी आवर्जून. चेन्नईच्या संशोधकांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत काठावरच्या भारतीय लोकांना चालणं आणि आहारबदल शिकवला, तेव्हा सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीचा फायदा जवळपास तेवढाच होता. अमेरिकेच्या 2002 च्या चाचणीत वजनही उतरवलं होतं, तिथं घट 58 टक्के होती. पुढे कधी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन सुरू झालं तर चालताना साखर एकदम उतरली तर म्हणून खिशात गुळाचा खडा ठेवायचा, हे आत्ताच लक्षात ठेवा.

आयुष्य वाढतं का? लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली होती, ती 1953 साली छापून आली. एकाच गाडीवरची माणसं. ड्रायव्हर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी निघाला आणि झाला तरी कमी जीवघेणा. तुम्ही म्हणाल, मग कंडक्टरचंही कामच होतं की. होतं, पण त्या कामात जिना होता. थोड्या थोड्या वेळानं छाती भरून श्वास लागेल अशी चढण, मग उतार, मग थोडा दम. वाकून आठ तास वेचणी करण्यात तसं काही नसतं. मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करणारे, 99 वर्षं जगले. अर्थात एका माणसाच्या वयावरून काही सिद्ध होत नाही, माझे एक नात्यातले आजोबा बिड्या ओढत नव्वदीपर्यंत गेले.

दहा हजार पावलांचं खूळ तेवढं डोक्यातून काढा. तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजण्याच्या यंत्राच्या जाहिरातीतून पसरला. अमेरिकेतल्या सरासरी 72 वर्षं वयाच्या स्त्रियांचा 2019 साली एक मोठा अभ्यास आला. रोज 2,700 च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण 41 टक्क्यांनी कमी होतं, आणि 7,500 च्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. ज्यांची तब्येत मुळात बरी तेच जास्त चालतात, ही शंका अशा अभ्यासांवर असतेच. तरी सर्वात कमी चालणाऱ्यानं थोडं वाढवलं तर मिळकत सर्वात मोठी, ही गोष्ट निरनिराळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसली आहे.

आता करायचं काय. जागतिक आरोग्य संघटनेचं 2020 चं मार्गदर्शन असं: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम जोराची हालचाल किंवा 75 ते 150 मिनिटं जोरदार, आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. तुमच्यासाठी त्याचा अर्थ मी असा लावतो. वावर गावापासून दीड-दोन किलोमीटरवर असेल तर आठवड्यातले पाच दिवस एक वेळची मोटारसायकल बंद. पांदणीनं झपझप चालत जा. झपझप म्हणजे किती? सोबत्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. हातात डबा, खांद्यावर दुपट्टा आणि तोंडात खर्रा असं रमतगमत गेलात तर ते चालणं हिशेबात धरू नका.

खर्ऱ्यावरून थांबतोच. तंबाखूतलं निकोटीन नाडी वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं. खर्रा दाबून पहाटे चालायला निघणारे मी रोज बघतो; ते हृदयाला एका हातानं देतात आणि दुसऱ्या हातानं काढून घेतात. सुटत नसेल तर निदान चालण्याआधी नको आणि चालताना नको. सोडण्याची सुरुवात बऱ्याच जणांची इथूनच होते.

पावसाळ्यात पांदणीत पाय रुतेल, तेव्हा डांबरी रस्ता. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं चाला आणि अंधारात फिक्या रंगाचा सदरा घाला. पोलीस भरतीची पोरं पहाटे 1600 मीटरचा सराव करत काळ्या टी-शर्टात पळतात, मला धडकीच भरते. त्यांच्याबद्दल दुसरी खंत अशी की भरती हुकली की त्याच दिवशी पळणंही संपतं आणि दोन वर्षांत तोच पोरगा पोट सुटलेला भेटतो.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. तेव्हा सातच्या आत सगळं उरकायचं किंवा रात्री. पाणी पिऊन निघायचं. घाम थांबला, डोकं दुखायला लागलं, मळमळलं की सावलीत बसा, अंग ओलं करा, आणि बडबड किंवा गोंधळ दिसला तर थेट दवाखाना.

ताकदीसाठी आठवड्यातून दोन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. यंत्रं नकोत. आपल्या भागाला हे परकं नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या चमूनं जाऊन देशी खेळ दाखवले होते. फक्त आपण जोर-बैठका म्हणजे पोरांचं आणि पहिलवानांचं काम समजून बसलो. ओट्याच्या काठावर बसून हात न टेकवता उठणं, ही तुमची बैठक. जोर आधी भिंतीला, मग ओट्याच्या काठावर, जमल्यावर जमिनीवर. पाठीवर निजून गुडघे वाकवून कंबर वर उचलायची आणि पाच अंक धरायची. वाकणाऱ्या माणसाला याहून उपयोगी व्यायाम नाही. शेवटी लिंबाच्या फांदीला अर्धा मिनिट लोंबकळा, पंप वाहून आखडलेले खांदे मोकळे होतात. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, दोन आवर्तनं. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सोपे जायला लागले की वाढवा. श्वास मात्र रोखू नका, रक्तदाब असेल तर अजिबात नाही.

छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, घाम फुटून दम, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर "गॅस असन" म्हणून घरी बसू नका. ते दवाखान्याचं काम आहे.

वहिनींबद्दल. कंबरेचं कारण वेचणीत आहे आणि उपायही तिथूनच सुरू होतो. वेचलेला कापूस कमरेला बांधलेल्या झोळीत पुढच्या बाजूला साठत जातो. वजन पोटापुढे लोंबतं आणि ते सावरायला पाठीचे स्नायू सतत ताणलेले राहतात. झोळी गच्च भरेपर्यंत थांबू नये. अर्धी झाली की गंजीवर रिकामी करावी, चार चकरा जास्त पडल्या तरी. तासाभरानं उभं राहून दोन्ही हात कमरेवर, पाच-सहा वेळा मागे झुकायचं. मजुरीनं वेचणी किलोवर असते, म्हणून बाया थांबत नाहीत हे मला कळतं; पण एवढ्यानं जो वेळ जातो तो संध्याकाळी अंग टाकून द्यावं लागण्यापुढे काहीच नाही. घरी कंबर उचलण्याचा तोच व्यायाम आणि दुसरा असा: हात-गुडघ्यांवर घोडा व्हायचं, उजवा हात पुढे, डावा पाय मागे सरळ, पाठ हलू द्यायची नाही, मग बाजू बदलायची. दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल तर आधी तपासणी.

आणखी एक. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, हे सरकारी कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातच आलं आहे. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर रक्त ऑक्सिजनच पुरेसा वाहत नाही. तिला व्यायामाचा सल्ला देण्याआधी रक्त भरून काढलं पाहिजे. उपकेंद्रात लोहाच्या गोळ्या मिळतात. आणि घरात, माहेरी कुणाला सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) असेल तर ती चाचणीही करा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडे तर हे विचारल्याशिवाय मी कुणालाही पळायला सांगत नाही. सिकलसेलच्या रुग्णाला हलका व्यायाम चालतो, पण तहान, कडक ऊन, थंडीचा कडाका आणि दम संपेपर्यंत ताणणं यातलं काहीही असह्य वेदनांचा झटका आणू शकतं. नुसता वाहक असलेल्या माणसानंही भर उन्हात अंगापलीकडे पळू नये.

"घरचं काम हाच तिचा व्यायाम" असं नवरे मंडळी मला फार आत्मविश्वासानं सांगतात. बाई पहाटे उठून धुणीभांडी, स्वयंपाक, मग वेचणी, मग पुन्हा स्वयंपाक करते. तिला आधी तासभर रिकामा हवा, व्यायाम त्यातच बसेल. तुम्ही पाणी भरा. एकट्या बाईनं सडकेवर चालायला गेलं की गाव बघतं, हे खरं आहे. बचत गटातल्या चौघी एकत्र निघाल्या तर बघणारेही आठ दिवसांत कंटाळतात, असा अनेक गावांतला अनुभव आहे.

आता आई. 72 म्हणजे काही खूप वय नाही, तिला खाटेवर ठेवण्यात धोका जास्त आहे. तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांनी थोडे थोडे घटतात, साठीनंतर वेगानं, आणि बसून राहिलं तर आणखी. मग एक दिवस न्हाणीत पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. हे उलटं फिरवता येतं. 1990 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात नव्वदीच्या वृद्धाश्रमवासीयांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला, तर त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीच्या! "गुडघे झिजतील" ही भीती काढून टाका; मांडीचे स्नायू बळकट झाले की झिजलेला गुडघाही कमी दुखतो. थोडं दुखणं चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सूज किंवा जास्त दुखणं नको.

तिच्या ताटाकडेही बघा. भाकर आणि पातळ वरणावर स्नायू बनत नाहीत. घट्ट वरण, मुगाची उसळ, दूध किंवा दही, चालत असेल तर अंडं, दोन्ही वेळा. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून.

करून घ्यायचं ते इतकंच. दाराची चौकट धरून टाचा वर उचलणं, दहा वेळा. त्याच चौकटीला धरून एका पायावर उभं राहणं, दहा अंक मोजेपर्यंत, मग दुसरा पाय. जमायला लागलं की दोन बोटांचा आधार. तुम्हीही करून बघा. ब्राझीलमध्ये 51 ते 75 वयाच्या लोकांत ज्यांना दहा सेकंद एका पायावर उभं राहता आलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं. आधार सोडून करायचं असेल तर बाजूला कुणी उभं हवं.

मुख्य व्यायाम खुर्चीवरून उठ-बस. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही, प्लास्टिकची नको. खुर्ची खाली वाटली तर गोधडी चौपदरी करून बैठकीवर टाका, उंची वाढली की उठणं सोपं होतं. पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल एवढं पुढे झुकायचं आणि मग उठायचं. बसताना धपकन नको, तीन अंक मोजत. सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा. पंधरा दिवसांनी सहज जमायला लागलं की गोधडीची एक घडी काढा.